शांतिसेना म्हणजे नेमकी कोणती?

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी शांतिसेना आणि सार्वभौमत्व हा विषय घेतला आणि पहिल्याच मुलाखतीत आपटलो. खडकीतले एक निवृत्त सुभेदार. वहीत संयुक्त राष्ट्रांच्या (यूएनच्या) निळ्या हेल्मेटवाल्या शांतिसैनिकांवर बारा प्रश्न लिहून नेले होते. "काका, शांतिसेनेत तुम्ही कुठे होतात?" "जाफन्याला. अरे, पण आम्हाला यूएननं नाही, दिल्लीनं धाडलं होतं!" बाराही प्रश्न वाया.

यूएनची फौज आणि दिल्लीनं श्रीलंकेत धाडलेली फौज, मराठीत दोन्हींना शांतिसेनाच म्हणतात, त्यामुळे नवा माणूस इथे हमखास अडखळतो. काकांची फौज १९८७च्या भारत-श्रीलंका करारानं गेली होती. श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या सरकारनं करार केला, पुढचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी 'परत जा' म्हटलं, आणि मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी निघाली. काका म्हणाले, "बोलावलं त्यांनीच, नको झालो तेही त्यांनाच." माझ्या प्रबंधाचा कणा मला तिथे सापडला : यजमान देशाची संमती.

त्याआधी मी एक सुबक तक्ता केला होता. दुसऱ्या देशात हस्तक्षेप चालतो की नाही, यावर आफ्रिका अमुक बाजूची, आशिया तमुक बाजूची. मार्गदर्शक मॅडमनी त्यावर उभी लाल रेघ मारली, ते बरंच झालं. १९६३च्या आफ्रिकी एकता संघटनेच्या सनदेत अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको, असं स्पष्ट होतं. पुढे १९९४चा रवांडातला वंशसंहार घडला, आणि २०००च्या आफ्रिकी संघाच्या घटनेतल्या कलम ४(ह)नं अशा प्रसंगी सदस्य देशात हस्तक्षेपाचा हक्क संघाला दिला. त्याच खंडातल्या मालीनं २०२३मध्ये यूएनच्या फौजेला निघायला सांगितलं. आग्नेय आशियात 'शेजाऱ्याच्या घरात नाक नको' हा दंडक. तरीही १९९९मध्ये थाई आणि फिलिपिनो सैनिक तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरमध्ये उतरले, पण इंडोनेशियाचे अध्यक्ष हबिबी राजी झाल्यावरच.

वाचायला कुठून सुरुवात करावी? पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पुस्तकं आहेतच, पण आधी यूएनच्या सुरक्षा परिषदेच्या बैठकांची इतिवृत्तं वाचा. इंटरनेटवर फुकट मिळतात. मतदानाच्या आधी-नंतर देश आपापली बाजू मांडतात, खरा माल तिथे असतो. लिबियात लष्करी कारवाईला मुभा देणाऱ्या २०११च्या ठराव क्रमांक १९७३वर भारत तटस्थ का राहिला, हे लेखांपेक्षा तिथे स्वच्छ कळतं.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला : जगभर सैनिक पाठवणारा भारत काश्मीरमधल्या यूएनच्या युद्धबंदी निरीक्षकांचं काम पाकिस्तानशी झालेल्या १९७२च्या सिमला करारानंतर संपलं असं म्हणतो, हे दुटप्पी नाही का? मी गडबडलो होतो. तुम्ही संमतीचं सूत्र धरा, आणि जिथे ते ताणलं जातं तिथे तसं कबूल करा.

१९६७चं गाझाही वाचून जा, तिथे यूएनच्या फौजेत भारतीय तुकडी होती. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी संमती काढून घेतली, यूएनचे सरचिटणीस उ थांट यांनी फौज मागे घ्यायचा आदेश दिला. आपली तुकडी पुरती निघायच्या आत ५ जूनला अरब-इस्रायल युद्ध पेटलं, आणि त्यात भारतीय जवान मारले गेले.