युद्धावरून परतलेल्या जोडीदाराला साथ कशी द्यावी

युद्धभूमीवरून परतलेला माणूस घरात असूनही मनाने पहाऱ्यावरच असू शकतो, म्हणून दार आपटल्यावर तो दचकला, गर्दीत भिंतीला पाठ लावून बसला किंवा प्रेमाच्या स्पर्शानेही आक्रसला, तर त्याला नकार समजू नये. आघातोत्तर तणाव विकार या नावाने १९८० साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत नोंदली गेलेली ही अवस्था उपचारांनी सुधारू शकते.

दुःस्वप्नात तो ओरडू लागल्यास त्याला हलवून जागे करू नये. थोडे दूर उभे राहून शांतपणे नावाने हाक मारावी.

मद्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. झोप यावी, आठवणी बोथट व्हाव्यात म्हणून पिणे वाढते, पण त्यामुळे झोप तुटक होते आणि भीती अधिकच बळावते. तरीही रोज भरपूर पिणाऱ्याला एकाएकी दारू सोडायला लावू नये, कारण पहिल्या काही दिवसांत झटके येऊन किंवा भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. व्यसन सुटेपर्यंत आघातावरील उपचार थांबवावेत, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. दोन्ही उपचार बरोबरीने चालू शकतात.

युद्धभूमीवर काय घडले, हे खोदून विचारू नये. तो आपणहून बोलू लागला, तर ऐकावे. मात्र त्याने हात उगारल्यास मुलांसह सुरक्षित ठिकाणी जावे, आणि आत्महत्येचे बोलणे निघाल्यास शस्त्रे त्याच्या आवाक्याबाहेर ठेवून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.