खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी होणाऱ्या या चुका टाळा

आजी मोरीत घसरून पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन करून बॉल (मांडीच्या हाडाचं खुब्यातलं गोल टोक) बदलतात आणि काही दिवसांत त्यांना घरी पाठवतात. फिजिओथेरपीसाठी मी पहिल्यांदा घरी जाते तेव्हा बऱ्याचदा दिसणारं चित्र ठरलेलं असतं. आजी पलंगावर आडव्या, गुडघ्याखाली मऊ उशी, वॉकर कोपऱ्यात आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेला. घरचे मनापासून सेवा करत असतात. बहुतेक चुका या सेवेतच होतात, म्हणून त्या कुणाच्या लक्षात येत नाहीत.

टाके निघेपर्यंत झोपवून ठेवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बॉल बदललेल्या बहुतेक पेशंटना डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उभं करतात. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, माकडहाडापाशी कातडी सोलवटते आणि उतारवयात मांडीची ताकद तर बघता बघता जाते. जागेपणी दर तासाला दोन्ही पावलं घोट्यातून दहा-पंधरा वेळा वर-खाली करायची. मांडी आवळून पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. दिवसातून पाच-सहा वेळा उठून वॉकरने थोडं थोडं चालायचं.

पायावर किती भार द्यायचा हे मात्र ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच विचारा. स्क्रू घालून हाड जोडलेलं असेल तर कधीकधी पाय पूर्ण टेकवू देत नाहीत. शेजारच्या काकूंना काय सांगितलं होतं, ते तुमच्या पेशंटला लागू होईलच असं नाही.

गुडघ्याखालची उशी

तिने बरं वाटतं, म्हणून ती तिथेच राहते. पण त्यामुळे खुबा आणि गुडघा सतत वाकलेले राहतात, खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात आणि पेशंट उभा राहिला की कमरेत वाकूनच चालतो. उशी हवीच असेल तर कुशीवर वळताना दोन्ही पायांच्या मध्ये द्या.

बसणं, वाकणं, उठणं

सांधा मागच्या बाजूने उघडून बदललेला असेल तर साधारण पहिले 6 ते 12 आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात. खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचं नाही. पुढच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर पथ्यं वेगळी असतात, तेव्हा डिस्चार्जच्या वेळीच नीट विचारून घ्या.

मांडी घालू नये, उकिडवं बसू नये, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती बारीकसारीक हालचालींत. पहाटे गारठा वाटतो म्हणून पायथ्याची गोधडी ओढायला आजी पलंगावर बसूनच पुढे वाकतात. खोलगट सोफ्यात गुडघे खुब्याच्या वर येतात. फोन वाजला म्हणून पाय न उचलता, ऑपरेशनच्याच पायावर गर्रकन वळतात. गोधडी कमरेपाशी ठेवा, खुर्ची उंच आणि हातांची घ्या, कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवा. अचानक प्रचंड दुखलं, पाय आखूड दिसू लागला किंवा भार देता येईना, तर उभं करायचा प्रयत्न न करता पेशंटला लगेच दवाखान्यात न्या.

उठवताना मुलगा काखेत हात घालून आईला ओढतो आणि आई दोन्ही हातांनी वॉकर ओढते. वॉकर कलंडतो. एका घरी मी मुलाला फक्त बाजूला उभं राहायला सांगितलं. "आजी, खुर्चीच्या कडेला सरका. ऑपरेशनचा पाय थोडा पुढे. हात खुर्चीच्या हातांवर ठेवा आणि दाबून उठा. वॉकर नंतर धरायचा." दुसऱ्या खेपेला आजी आपल्या आपण उठल्या, आणि मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला!

सुजलेल्या पायाला मालिश

ऑपरेशननंतर पायाला थोडी सूज असतेच. पण पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर तेल लावून चोळू नका. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सी गाठा. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

वेदनाशामक गोळीचंही तसंच. "सवय लागेल" म्हणून ती टाळतात, मग दुखतं म्हणून व्यायाम टळतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेतली की पाय हलवायला धीर येतो.

काठी चुकीच्या हातात

दुखऱ्या बाजूलाच काठी धरावीशी वाटते. ती धरायची चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या खुब्यावरचा भार खरोखर कमी होतो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

दीड महिन्यात व्यायाम बंद

वॉकर सुटला की फिजिओचीही गरज संपली असं वाटतं. पण खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमजोर राहिले की माणूस पाऊल टाकताना एका अंगाला झुकतो, आणि हे लंगडणं वर्षानुवर्षं राहू शकतं. त्यांना ताकद यायला काही महिने जातात. व्यायाम मात्र अगदी साधा. स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं, पाऊल समोरच ठेवून पाय बाजूला उचलायचा, तीन मोजायचं, सावकाश खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. माझ्या एक आजी रोज सकाळी कुकर चढवला की हा व्यायाम सुरू करतात आणि तिसरी शिट्टी झाली की थांबतात.