दुबईला कुटुंब नेताय? आधी शाळेचा आणि दवाखान्याचा हिशोब करा

दुबईतल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं की बहुतेकजण पगाराला रुपयांच्या दराने गुणतात. तो गुणाकार एकट्या माणसासाठी ठीक आहे. बायको-मुलांना न्यायचं असेल तर पगाराच्या आकड्याआधी दोन ओळी शोधायच्या: मुलांच्या शिक्षणाचा भत्ता आणि कुटुंबाचा आरोग्य विमा. या ओळी नसतील तर तो खर्च तुमचा, आणि तो मागून घ्यायची वेळ सही करण्याआधीची. नंतर कोणी देत नाही.

कुटुंबाचा व्हिसा काढायला महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची जागा, इतकं पुरतं. व्हिसा मिळाला म्हणजे परवडलं, असा अर्थ यातून काढू नका. शाळेत जाणारी दोन मुलं त्या पगारात बसत नाहीत.

शाळेपासून सुरुवात करू. परदेशी कुटुंबांची मुलं खासगी शाळांत जातात आणि दुबईत या शाळांवर केएचडीए ही सरकारी संस्था देखरेख ठेवते. प्रत्येक शाळेचं मंजूर फी-पत्रक केएचडीएच्या संकेतस्थळावर इयत्तेनुसार मिळतं. शाळेच्या माहितीपत्रकातल्या आकड्याऐवजी हेच पत्रक धरा. त्यात मूळ फी, बस, पुस्तकं, गणवेश वेगवेगळे दिसतात. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळांपेक्षा बऱ्याच स्वस्त, पण त्यांच्यातही स्वस्त आणि महाग शाळेच्या फीत कितीतरी पटींचा फरक असतो. फी इयत्तेबरोबर चढत जाते, म्हणून आज पहिलीत असलेल्या मुलासाठी आठवीची फीसुद्धा आत्ताच बघून ठेवा. दरवर्षीची वाढ शाळा मनाने करू शकत नाही, केएचडीए कमाल टक्केवारी ठरवून देते. २०२५-२६ साठी ती २.३५ टक्के होती.

तपासणी अहवालही वाचावा. शाळांना ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत शेरे मिळालेले असतात. पण अडचण अशी की चांगला शेरा आणि कमी फी असलेल्या शाळेत जागाच नसते. भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा प्रवेशाची धावपळ आदल्या वर्षीच उरकायची. जूनमध्ये रुजू होणाऱ्याला वर्षाच्या मध्येच उरलीसुरली जागा शोधावी लागते. मग घर शेजारच्या शारजात, शाळा लांब, आणि बसचा खर्च वाढतो.

जागा नक्की करताना नव्या मुलासाठी वार्षिक फीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ घेता येते, पुढच्या वर्षीच्या नोंदणीसाठी ५ टक्क्यांपर्यंत. ही रक्कम फीतून वजा झाली पाहिजे, पावतीवर तपासा. प्रवेश रद्द केला तर मात्र ती सहसा गेलीच.

नोकरी सुटली किंवा बदली झाली तर काय, हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. नियम असा: टर्ममध्ये मुलाची हजेरी दोन आठवड्यांपर्यंत लागली असेल तर एका महिन्याची फी कापतात, दोन आठवडे ते महिना झाला तर दोन महिन्यांची, महिन्याच्या वर गेलं तर पूर्ण टर्मची. म्हणजे भारतात परतायचं ठरलंच असेल तर ‘टर्म सुरू तर होऊ दे, मग बघू’ हे महागात पडतं. फी थकलेल्या मुलाचा दाखला शाळा अडवून धरतात, हेही लक्षात असू द्या.

दाखल्यावरून आठवलं, महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची सगळ्यात जास्त अडवणूक इथेच होते. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असतो, त्यावर आडनाव आधी असतं, आणि पासपोर्टवर नावाची मांडणी निराळी. मुख्याध्यापकांकडून इंग्रजी दाखला घ्या, त्यात नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवा आणि मुलगा कोणत्या इयत्तेत उत्तीर्ण झाला ते स्पष्ट लिहून घ्या. मग शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, परराष्ट्र मंत्रालय, यूएईची (संयुक्त अरब अमिरातीची) वकिलात, आणि तिकडे पोहोचल्यावर यूएईच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, अशी साखळी आहे. नुसत्या अपॉस्टिलवर, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाच्या शिक्क्यावर, भागत नाही. यात काही आठवडे सहज जातात. कोणत्या इयत्तेपासून हे सगळं लागतं ते नव्या शाळेकडून लेखी विचारा. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखलाही व्हिसासाठी, शिक्षणाधिकाऱ्यांचा टप्पा सोडून, याच वाटेने जातो, तेव्हा तिन्ही कागद एकदमच एजंटकडे द्या.

आणि एक, पहिली ते नववी अरबी विषय सक्तीचा आहे. सहावी-सातवीत येणाऱ्या मुलाला शिकवणी लावावी लागते. ती फी-पत्रकात नसते.

आता दवाखाना. दुबईत २०१३ च्या कायद्याप्रमाणे आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण कायदा मालकाला फक्त कर्मचाऱ्याचा विमा काढायला लावतो. बायको-मुलांचा विमा ज्याच्या व्हिसावर ते आहेत त्याने काढायचा. अबू धाबीत साधारणपणे पत्नी आणि १८ वर्षांखालची तीन मुलं यांचाही विमा मालकाकडे असतो. म्हणून सारख्याच पगाराच्या दोन ऑफर असतील तर कोणत्या अमिरातीचा (यूएईतल्या राज्याचा) व्हिसा मिळणार, याने हिशोब बदलतो. शारजा, अजमान वगैरे उत्तरेकडच्या अमिरातींत विमा १ जानेवारी २०२५ पासून कर्मचाऱ्याच्या व्हिसासाठी सक्तीचा झाला. तिथला मूळ विमा वर्षाला ३२० दिरहमचा आहे.

कार्ड हातात आलं म्हणजे उपचार फुकट, हा समज काढून टाका. दुबईतल्या सर्वांत मूलभूत योजनेची वार्षिक मर्यादा १,५०,००० दिरहम. तपासणीच्या बिलाचा २० टक्के आणि औषधांचा ३० टक्के भाग आपल्या खिशातून. थेट तज्ज्ञ डॉक्टरकडे जाता येत नाही, आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी. दात आणि चष्मा जवळजवळ बाहेरच. पहिल्यांदा विमा घेणाऱ्याला जुन्या आजारासाठी सहा महिने थांबावं लागतं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर अर्जात लिहाच, लपवलेला आजार सापडला की दावा नाकारला जातो. ते सहा महिने नियमित गोळ्यांचा खर्च स्वतःचा धरा. गोळ्या भारतातून नेताना डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका. इथे घरोघरी सापडणारी बाटली तिकडे विमानतळावर गुन्हा ठरू शकते.

बाळंतपणाचा विचार असेल तर विम्याच्या कागदात तेच कलम आधी वाचा. मूलभूत योजनेत नॉर्मल बाळंतपणाला ७,००० आणि सिझेरियनला १०,००० दिरहमची मर्यादा आहे, शिवाय बिलाचे १० टक्के आपले. खासगी रुग्णालयाचं पॅकेज याच्या वर जाऊ शकतं, म्हणून पाचव्या महिन्यातच लेखी अंदाज घ्या. बाळाला पहिले ३० दिवस आईच्या विम्याचं संरक्षण असतं. जन्मापासून १२० दिवसांत पासपोर्ट आणि व्हिसा झाला नाही तर रोज १०० दिरहम दंड लागतो. भारतीय पासपोर्टलाच वेळ लागतो, तेव्हा घरी आल्याच्या आठवड्यातच अर्ज करा.

आता गणित मांडून बघू. समजा दुसरीतलं मूल १२,००० आणि सहावीतलं १४,००० फीच्या शाळेत आहे. बस प्रत्येकी ५,०००, पुस्तकं-गणवेश प्रत्येकी १,५००. तिघांचा बरा विमा मिळून ६,००० आणि खिशातून द्यायचा वाटा ३,०००. एकूण ४८,००० दिरहम, म्हणजे महिन्याला ४,०००. हे घरभाड्याच्या आधीचं. आकडे आपापल्या शाळेचे घाला, रकाने मात्र हेच ठेवा. शिवाय पैसे महिन्या-महिन्याने जात नाहीत. पहिल्या टर्मची फी, विम्याचा हप्ता, व्हिसा आणि घरभाड्याचा चेक एकाच तिमाहीत येऊन आदळतात. क्रेडिट कार्डाचं कर्ज तिथेच सुरू होतं. निघताना या बेरजेचा निम्मा भाग रोख हाताशी हवा.

भारतातला आरोग्य विमा बंद करू नका. परतल्यावर नवा घेतला तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. चालू ठेवलेल्या विम्यात ती मुदत तुम्ही दुबईत असतानाच सरते.

मूल आठवी-नववीत असेल तर खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा दुबईत नसून महाराष्ट्रात आहे. राज्याच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागतात, अपवाद थोडे. दहावी दुबईत झाली की उरतो अखिल भारतीय कोटा, नाहीतर खासगी महाविद्यालयाची एनआरआय फी. अभियांत्रिकीला तेवढी अडचण नाही. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर वाट आहे, आणि एनआयटीसारख्या संस्थांत ‘दासा’ योजनेखाली आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी कमी फीच्या जागा असतात. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर ती नववीत असतानाच ठरवा: दहावीसाठी आई आणि मुलगी परत येणार, की एनआरआय फीसाठी आतापासून पैसे बाजूला टाकणार.