डिस्क भरलेला सर्व्हर: आधी काय पाहावे, मग काय पुसावे

डिस्क भरली आहे हे सर्व्हर सहसा सरळ सांगत नाही. संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडते, जुनी पाने वाचता येतात, पण लॉगिन होत नाही, कारण सेशनची, म्हणजे कोण आत आले आहे हे लक्षात ठेवणारी, फाइल लिहायला जागाच उरलेली नसते. मायएसक्यूएल हा डेटाबेस तर बंदही पडत नाही. जागा मोकळी होईल या आशेवर थांबून राहतो आणि दर मिनिटाला पुन्हा चाचपून पाहतो, त्यामुळे बाहेरून तो नुसता संथ झाल्यासारखा दिसतो. वाचणे चालू आणि लिहिणे बंद, असे लक्षण दिसले की कोडमध्ये शिरण्यापूर्वी डिस्क पाहावी.

त्यासाठी डिस्कचा वापर दाखवणारी लिनक्सची डीएफ ही कमांड दोनदा चालवावी, एकदा एच हा पर्याय देऊन आणि एकदा आय देऊन. पहिल्याने जागा कळते, दुसऱ्याने आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे एक लागणारे माहितीचे खण, कळतात. ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. नेहमीच्या मांडणीत दर 16 केबीमागे एक, म्हणजे 40 जीबीच्या डिस्कवर सुमारे 26 लाख. पीएचपीच्या सेशन फाइली किंवा कॅशेचे बारीक तुकडे कोणी साफ करत नसेल, तर निम्मी डिस्क रिकामी असतानाही ‘जागा शिल्लक नाही’ अशी चूक येऊ शकते. आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात पाडते: ईएक्सटी4 मुळातच 5 टक्के जागा रूट या मुख्य प्रशासक खात्यासाठी राखून ठेवते, त्यामुळे वापरलेली आणि उपलब्ध जागा यांची बेरीज एकूण जागेइतकी भरत नाही.

जागा कोणी खाल्ली हे शोधायला डिरेक्टरींचा आकार मोजणारी डीयू ही कमांड वापरावी आणि तिला एक्स हा पर्याय आवर्जून द्यावा, म्हणजे ती दुसऱ्या माउंटमध्ये (तेथे जोडलेल्या वेगळ्या डिस्कमध्ये) शिरत नाही. मुळापासून सुरुवात करून एकेक पातळी खाली उतरावे. बहुतेक वेळा माग व्हार डिरेक्टरीत लागतो: वेब सर्व्हरच्या नोंदी (लॉग), जर्नल (सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी), डेटाबेस किंवा डॉकरच्या, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या, जुन्या प्रतिमा.

येथे घाई नडते, आणि मला ती नडली आहे. एका रात्री 18 जीबीची नोंदींची फाइल सापडली. डीबगची, म्हणजे बारीकसारीक सारे नोंदवण्याची, पातळी मीच चालू ठेवून विसरलो होतो. मी ती फाइल आरएम कमांडने पुसली, निश्चिंत मनाने डीएफ चालवली, आणि आकडा जागचा हलला नाही. लिनक्समध्ये फाइलचे नाव पुसले तरी ती एखाद्या प्रक्रियेने उघडून धरलेली असेल, तर तिची जागा ती प्रक्रिया सोडेपर्यंत परत मिळत नाही. शिवाय नाव गेल्यामुळे डीयूलाही ती दिसत नाही. अशा फाइली एलएसओएफ कमांडला अधिक एल 1 हा पर्याय दिल्यावर दिसतात. त्या धरून बसलेली सेवा पुन्हा सुरू केली की जागा सुटते. एनजीनेक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याला नोंदींच्या फाइली नव्याने उघडण्याचा यूएसआर1 हा सिग्नल पुरतो. म्हणून चालू नोंदफाइल पुसू नये. ट्रंकेट कमांडने तिचा आकार शून्य करावा.

डीएफ आणि डीयू यांच्या आकड्यांत तफावत पडण्याचे दुसरे कारण अधिक लबाड आहे. बॅकअपसाठीची वेगळी डिस्क एखाद्या रात्री माउंट झालीच नाही, तर बॅकअप त्याच नावाच्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मुख्य डिस्कवरच, उतरतो. पुढे डिस्क नीट माउंट झाली की ते गठ्ठे तिच्याखाली झाकले जातात. मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या ठिकाणी बाइंड माउंट केली, म्हणजे तीच आणखी एका वाटेने जोडली, की ते दिसतात. यावर उपाय म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत माउंट आहे की नाही हे तपासावे आणि नसेल तर तेथेच थांबावे.

मायएसक्यूएलच्या बायनरी नोंदींना, म्हणजे डेटाबेसमधील बदलांच्या नोंदींना, मात्र हाताने स्पर्श करू नये. आवृत्ती 8 पासून त्या मुळात चालू असतात आणि 30 दिवस राहतात, त्यामुळे सतत लिहिल्या जाणाऱ्या डेटाबेसवर त्यांचा ढीग साचतो. त्या काढण्यासाठी पर्ज बायनरी लॉग्ज हाच आदेश द्यावा, कारण तो सूचीची फाइलही दुरुस्त करतो. आणि या नोंदी वाचून डेटाबेसची प्रत ठेवणारा प्रतिकृती सर्व्हर असेल तर तो कोठवर पोचला आहे हे आधी पाहावे. जर्नलचे काम सोपे आहे: जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम साइझ दिले की झाले.

जागा मोकळी झाल्यावर जुन्या नोंदफाइली आपोआप बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटची मांडणी तपासावी. त्यातील कॉपीट्रंकेट हा पर्याय सोयीचा वाटतो, पण तो आधी फाइलची पूर्ण प्रत काढतो, म्हणजे डिस्क भरत आली असता नेमका तोच अडतो. शिवाय प्रत काढणे आणि मूळ फाइल रिकामी करणे यांमधल्या क्षणाच्या काही ओळी हरवू शकतात. सेवेला फाइल पुन्हा उघडता येत असेल तर हा पर्याय टाळावा. डिस्क 80 टक्के भरली की इशारा मिळेल अशी सोय करावी. मी याशिवाय प्रत्येक सर्व्हरवर फॉलोकेट कमांडने 1 जीबीची एक निरर्थक फाइल करून ठेवतो. अडचणीच्या वेळी ती पुसली की विचार करण्यापुरती उसंत मिळते.

सर्व सुरळीत झाल्यावर डिस्क भरलेली असताना गुपचूप काय फसले याचा शोध घ्यावा. त्या रात्रीच्या बॅकअपची फाइल अर्धवट असू शकते, म्हणून ती उघडून पाहावी आणि शंका असल्यास नवा बॅकअप घ्यावा. संकेतस्थळाच्या सुरक्षित जोडणीसाठीचे लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र 90 दिवसांचे असते आणि त्याच्या नूतनीकरणालाही डिस्कवर लिहावे लागते, तेव्हा हे नूतनीकरण करणाऱ्या सर्टबॉटची नोंद वाचावी. रांगेत अडकलेले ईमेल गेले की नाहीत, हेही पाहावे.