दोन सरकारी कार्यालयांचा सायबर धोका तोलताना या चुका टाळा

महापालिका, जिल्हा परिषद, पीएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), पीएमपीएमएल (शहर बससेवा). पुण्यात इतक्या सरकारी संस्था आहेत की ‘सायबर सुरक्षेत पहिला कोण, शेवटचा कोण’ असा तक्ता कुणीतरी मागतंच. तक्ता जरूर करा, पण खापर भलत्याच कार्यालयावर फुटणार नाही याची काळजी घ्या.

मला सर्वांत घातक वाटते ती चूक म्हणजे सायबर हल्ल्यांच्या घटना मोजून नंबर लावणं. समजा, एका कार्यालयानं वर्षात 40 घटना नोंदवल्या आणि दुसऱ्यानं शून्य. हे शून्य अनेकदा बघणारंच कुणी नसल्यामुळे आलेलं असतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय-काय घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. म्हणून आधी विचारा, चार महिन्यांपूर्वीच्या अमुक दिवसाचा लॉग आत्ता काढून दाखवता का? निघाला नाही, तर त्या शून्याच्या जागी ‘माहिती नाही’ लिहा. त्याला हिरवा रंग देऊ नका. 40 घटना प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला बैठकीत बोलणी बसली, तर पुढच्या वर्षी तोही गप्प बसेल, आणि हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आकडा कशाच्या तुलनेत, हेही पाहा. हजारो संगणकांची महापालिका आणि साठ संगणकांचं तालुक्याचं कार्यालय एका ओळीत बसत नाहीत. डेडस्टॉक रजिस्टरमधले (कार्यालयाच्या मालमत्तेच्या नोंदवहीतले) संगणक आणि नेटवर्कवर प्रत्यक्ष दिसणारे संगणक जुळवा. तफावत निघाली तर तीच पहिली नोंद.

सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा त्रुटींना गुण देणारी सीव्हीएसएस ही पद्धत आहे. तिचे 0 ते 10 गुण म्हणजे त्रुटीची तीव्रता, कार्यालयाचा धोका नव्हे. कुठेही न जोडलेल्या यंत्रावरच्या 9.8 पेक्षा मिळकतकर भरण्याच्या सर्व्हरवरची 6.5 ची त्रुटी जास्त छळू शकते. त्याऐवजी पॅच (त्रुटी बुजवणारी सुधारणा) लावायला किती दिवस लागले, याची तुलना करा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच येऊन दोन महिने होत आले होते.

बाहेरून वेबसाइट तपासून गुण देऊ नका. साइट सामायिक डेटा सेंटरमध्ये असेल तर ते गुण त्या सेंटरचे असतात.

प्रश्नावलीत ‘बॅकअप घेता का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ लिहितात. ‘शेवटचा बॅकअप रिस्टोअर करून कधी पाहिला?’ असं विचारा आणि तारीख मागा. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांची नोंदणी हातानं करावी लागली होती.

आणि सगळ्या धोक्यांची मिळून एक सरासरी काढू नका. पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडले तर पेठांमधल्या घरांना त्याच दिवशी झळ बसते. जन्म-मृत्यूच्या नोंदी फुटल्या तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, पण माहिती कधीच परत येत नाही. या दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने ठेवा.