खलनायकाच्या उदयाची सायन्स फँटसी लिहिताय? या चुका टाळा

लोणारच्या आसपास राहणाऱ्या लेखकाला सायन्स फँटसीसाठी परग्रह शोधत बसावं लागत नाही. बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, तळाशी खारं पाणी, आणि गावात दैत्यसूदनाचं मंदिर. विष्णूने लवणासुराला इथे मारलं, असं कथा सांगते. विज्ञान आहे, अद्भुत आहे, असुरही आयता आहे. तरी अशा कादंबऱ्या मध्येच बसतात, कारण असुर मेला कसा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो एवढा मोठा झाला कसा, याचा विचार लेखकाने केलेला नसतो.

एकाच जखमेवर सगळं लादणं

विदर्भातल्या खलनायकाचं बालपण लिहायला बसलं की हात आपोआप एका प्रसंगाकडे जातो. बापाने कर्जापायी जीव दिला आणि पोरगा सूडाने पेटला. हे लिहू नका. अशी घरं आपल्या गावात आहेत. तिथली मुलं शेत करतात, आयटीआयला जातात, बहिणीचं लग्न लावतात. त्यांच्या दुःखाला दुष्टपणाचं बी ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि कादंबरी म्हणूनही ते कच्चं आहे. दुःख असू द्या, पण त्यानंतर त्याच्यासमोर दोन वाटा दिसू द्या. त्याच घरातला भाऊ दुसऱ्या वाटेने गेलेला दाखवलात, तर याने केलेली निवड वाचकाला टोचेल.

तो एकटाच वर चढतो

सगळ्यात मोठी चूक ही. तिसऱ्या प्रकरणात शक्ती मिळाली आणि सातव्यात अख्खा तालुका पायाशी! मधली गावं कुठे गेली? खलनायक आधी लोकांच्या उपयोगी पडतो, म्हणूनच तो मोठा होतो. मृगाच्या तोंडावर बँक हात वर करते तेव्हा सावकाराचं दार उघडं असतं. बियाण्याला पैसे देणारा माणूस त्या दिवशी कोणालाच वाईट दिसत नाही.

समजा, तुमच्या पात्राला खडकातलं पाणी हाकारता येतं. पहिल्याच दिवशी तो सिंहासन मागणार नाही. तो पारावर बसून म्हणेल, "मले काई नाई पायजे, फक्त तुमच्या विहिरीले पाणी लागू द्या." विहिरीला पाणी लागतं. मग सरपंच ग्रामसभेत ठराव करून देतो, मास्तर गप्प राहतात, शेजारीण आपल्या हाताने त्याला भाकर नेऊन देते. यातलं कोणीही दुष्ट नाही, आणि भीती नेमकी तिथेच आहे.

कादंबरी अडली असेल तर प्रत्येक प्रकरणासमोर एवढंच लिहा: या प्रकरणात त्याला कोणी काय दिलं आणि त्या बदल्यात त्या माणसाला काय मिळालं? जिथे रकाना रिकामा राहील, तिथेच गाडी फसली आहे. आणखी एक मारामारी घालून ती निघणार नाही.

शक्तीचा हिशेब नसणं

पाण्याचंच उदाहरण पुढे नेऊ. पश्चिम विदर्भातल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. शेजारच्याने खोल बोअर मारली की आपली विहीर आटू शकते, हे कोणताही शेतकरी सांगेल. मग तुमचा नियमही तोच ठेवा. त्याने एका गावाला पाणी दिलं की पलीकडच्या गावाचं गेलं. आता जादूला किंमत आली, आणि पलीकडच्या गावातून त्याचा पहिला शत्रूही आला. नियम फक्त नायकाला लागू आणि खलनायकाला माफ, असं केलंत तर वाचक पुस्तक मिटेल.

विज्ञान ठाऊक असणं खलनायकाचं हत्यारही होऊ शकतं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण शोधलं: खारात वाढणारे सूक्ष्मजीव. अशा वेळी खरं कारण माहीत असूनही "हे मी केलं" असं गर्दीत म्हणणारा माणूस कल्पून पाहा. एकही मंत्र न उच्चारता त्याचं पहिलं राज्य सुरू होतं.

मुलूख आणि बोलीची सरमिसळ

बुलढाण्याच्या कपाशीच्या शेतातून निघालेला माणूस दुसऱ्या पानावर नवेगावच्या जंगलात पोचतो, हे चालणार नाही. भंडारा-गोंदियाकडे धान आहे, मालगुजारी तलाव म्हणजे सिंचनाचे जुने तलाव आहेत, झाडीबोली आहे. वऱ्हाडात कापूस, सोयाबीन, तूर. तुमचा असुर पूर्वेकडचा असेल तर तो विहिरीसाठी नाही, तलावाच्या गेटासाठी भांडेल. त्याची सत्ताही वेगळी दिसेल.

बोलीबद्दल मी जरा हट्टी आहे. गावकरी वऱ्हाडीत आणि खलनायक पुस्तकी मराठीत, ही वाटणी फार झाली. वऱ्हाडी फक्त हसवायला वापरणं तर त्याहून वाईट. त्याला आईच्या बोलीतच बोलू द्या. मोठा झाल्यावर कोणत्या सभेत त्याने ती पहिल्यांदा टाकली, यावर एक प्रकरण उभं राहू शकतं.

एकाच बाजूने सांगणं

अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची काळ्या पाषाणातली दशमुखी मूर्ती आहे आणि गाव तिची पूजा करतं. आपल्याच भागात असं असताना, तुमच्या असुराला मानणारं एकही घर कादंबरीत नसेल तर काहीतरी राहून गेलं आहे. त्या घरातली एखादी म्हातारी आणा आणि तिला खोटी पाडू नका.

शेवट जमत नसेल तर बहुतेक वेळा तो लांबलेला असतो. उदयाची गोष्ट खलनायकाला थांबवू शकणारा शेवटचा माणूस बाजूला होतो तिथे संपते. त्यापुढे वधाचा प्रसंग लिहून झाला असेल तर तो वेगळ्या वहीत काढून ठेवा, दुसऱ्या भागाला लागेल.