टाइम मशीनसाठी शिवणकामाची टेप

काळप्रवासाच्या गोष्टी मुलं एका दमात वाचतात, पण इजिप्त, मोहेंजोदडो, रोम सगळं एकाच काळातलं समजतात. आमच्या ठाण्याच्या घरी शिवणकामाची टेप कामी आली.

१. टेप कपाटाला चिकटवा, सेंटिमीटरची बाजू वर. शून्य म्हणजे आज, एक सेंटिमीटर म्हणजे १०० वर्षं.
२. गोष्टीतलं साल इसवी सनापूर्वीचं असेल तर त्यात चालू साल मिळवा; नंतरचं असेल तर चालू सालातून वजा करा. शंभराने भागा, तिथे चिठ्ठी लावा.

पहिली चिठ्ठी ओळखीची हवी. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली १८५३ साली, ती दोन सेंटिमीटरच्याही आत बसते! सोपाऱ्याचे अशोकाचे शिलालेख २३ च्या आसपास, ज्वालामुखीने गाडलेलं रोमन शहर पाँपेई साडेएकोणीसवर. इजिप्तची राणी क्लिओपात्रा साडेवीसला आणि इजिप्तचाच राजा खुफूचा पिरॅमिड थेट ४६ जवळ. हे अंतर स्वतःच्या बोटाने मोजताना मुलं थबकतातच. सनावळ्या पाठ करून ते कधी होत नाही.

फार जुनी सालं अंदाजाची असतात, ती पेन्सिलनेच लिहा. मोहेंजोदडो तर कित्येक शतकं नांदतं शहर होतं, तिथे चिठ्ठीऐवजी ३९ ते ४५ अशी रंगीत पट्टी लावा.